क्लास-ऑब्जेक्टच्या आधी मुलांच्या हातून काय काय व्हायला हवं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या खोलीत, तुम्ही आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांना प्रोग्रामिंग शिकवता. सहावी ते नववीची १४ मुलं, तीन जुने लॅपटॉप आणि इंटरनेट म्हणजे तुमच्याच मोबाईलचं. इंजिनिअरिंगला जावा ही भाषा शिकताना क्लास (नियम एकदाच लिहिलेला नमुना) आणि ऑब्जेक्ट (त्या नमुन्यावर चालणारं, आपली माहिती आपल्याजवळ ठेवणारं एकेक पात्र) तुम्हाला शेवटपर्यंत पाठांतराचेच वाटले. या मुलांचं तसं होऊ नये म्हणून आत्ताच पायथन या टाईप करायच्या भाषेत क्लास लिहायला शिकवावं का, की स्क्रॅचमध्ये (म्हणजे पडद्यावर ठोकळे जोडून प्रोग्राम बनवण्यात) वर्ष गेलं तरी चालेल, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत असं. सहावी ते आठवीच्या मुलांपुढे यंदा ‘क्लास’ हा शब्दच काढू नका. मात्र त्या शब्दामागची गोष्ट पहिल्या संध्याकाळपासून त्यांच्या हाताखालून जाऊ द्या. त्यासाठी स्क्रॅच पुरेसं आहे आणि सुरुवातीचे दोन आठवडे तर लॅपटॉपही लागत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधीच सांगतो. मुलांना इंग्रजी अक्षरं ओळखून टाईप करता येतात का, यावर बरंच ठरतं. ज्याला दहा ओळी टाईप करायला अर्धा तास लागतो, त्याचं सगळं लक्ष कंस आणि स्वल्पविरामात जातं, विचाराला जागा उरत नाही. नववीची मुलं सरावाने जानेवारीपर्यंत पायथनला येऊ शकतात, सहावीच्यांना घाई नको. आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाला उघडतात, दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी सुरू झाली की हजेरी पातळ होते. म्हणून सलग लक्ष लागणारा भाग जुलै ते ऑक्टोबरमध्ये बसवा आणि एका संध्याकाळीत पुरं होणारं काम पुढे ठेवा.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. कॉलेजात जी मुलं अडखळतात ती व्याख्येत अडखळत नाहीत, व्याख्या त्यांना तोंडपाठ असते. अडखळतात ती कोरा कागद समोर आल्यावर. ही माहिती कोणाजवळ ठेवायची आणि हे काम कोणाला सांगायचं, हा प्रश्नच त्यांना पडत नाही. कारण तोवर त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रामात सगळी माहिती एका ढिगात असते आणि वरून खाली एकच जण सगळी कामं करतो. पाढे छापा, मूळ संख्या शोधा, सरासरी काढा. यात ‘कोणाचं’ हा प्रश्न येतच नाही. तेव्हा तुम्हाला मुलांना सवय लावायची आहे ती ‘हे कोणाचं?’ असं विचारायची. ती लागली की भाषा कुठलीही असो, क्लास लिहिणं हा व्याकरणाचा भाग उरतो.

ही कल्पना मुलांसाठी फार मोठी आहे असं कोणी म्हटलं तर तिचा उगम सांगा. क्लास आणि ऑब्जेक्ट पहिल्यांदा आले ते नॉर्वेमध्ये, ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नायगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेत. रांगा, वाहतूक, कारखाना असे खऱ्या जगातले व्यवहार संगणकावर चालवून पाहायचे होते, त्यासाठी. पुढे १९७० च्या दशकात अ‍ॅलन के आणि अ‍ॅडेल गोल्डबर्ग यांच्या गटाने झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक भाषा घडवली ती मुलांना समोर ठेवूनच. अनेक जण एकमेकांना निरोप देतात आणि प्रत्येक जण आपलं आपण बघतो, एवढं चित्र त्यामागे आहे. गावातल्या मुलाला ते शहरातल्या मुलापेक्षा कमी समजेल असं काहीच नाही.

पहिले चार तास कार्डांवर काढा. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी चांगला. पोळ्याच्या आसपास करत असाल तर बैलच घ्या. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी मुलांच्या घरी असतातच, ज्याचा नंदी त्याचं कार्ड. कार्डाच्या पुढच्या बाजूला पेन्सिलने बैलाचं नाव, रंग, भूक आणि थकवा. भूक व थकवा ० ते १० मध्ये. मागच्या बाजूला तीन नियम. ‘चारा खा’ म्हटलं की भूक ३ ने कमी करायची, पण ० च्या खाली न्यायची नाही. ‘औत ओढ’ म्हटलं की थकवा ८ किंवा जास्त असेल तर ‘नाही’ म्हणायचं, नसेल तर भूक २ ने आणि थकवा ३ ने वाढवायचा, १० च्या वर मात्र न्यायचं नाही. ‘भूक किती’ म्हटलं की आकडा सांगायचा. एक मूल मालक होतं आणि चिठ्ठी देतं: ‘राजा, औत ओढ’. राजाचं कार्ड ज्याच्या हातात, तो मागचा नियम वाचून पुढचे आकडे खोडून नवे लिहितो. अट एकच, दुसऱ्याच्या कार्डावर कोणीही पेन्सिल टेकवायची नाही.

या खेळात तीन गोष्टी हमखास घडतात. तिन्हींची वाट बघा, आधी सांगून टाकू नका.

पहिली, कोणीतरी म्हणतंच की सगळ्यांच्या कार्डांची मागची बाजू सारखीच आहे, मग १४ वेळा कशाला लिहायची? तेव्हा नियम कार्डांवरून काढा आणि फळ्यावर एकदाच लिहा. मग फळ्यावर ‘चारा खा’मधले ३ पुसून ४ करा आणि पुन्हा खेळवा. सगळ्या बैलांचं वागणं एकदम बदलतं, पण कुणाच्याही कार्डावरचा आकडा तुम्ही हलवलेला नसतो. क्लास आणि ऑब्जेक्ट यांतला फरक इथे मुलाच्या डोळ्यांसमोर असतो: फळा एक, कार्डं चौदा.

दुसरी, मालक घाईत येतो आणि चिठ्ठी न देता राजाच्या कार्डावर स्वतःच भूक ३ ने कमी करतो. भूक आधी १ होती, ती उणे २ झाली. आता विचारा, चूक कुठे झाली? नियमात ‘० च्या खाली नाही’ हे होतं, पण नियम पाळणारा मध्ये आलाच नाही. एन्कॅप्सुलेशन या जड शब्दाचं कारण एवढंच आहे. माहिती ज्याची आहे त्याच्यामार्फतच ती बदलायची, म्हणजे नियम चुकत नाहीत.

तिसरी गोष्ट तुम्ही मुद्दाम घडवा. दोन मुलांना गडी करा आणि दोघांच्याही हातात ‘राजा’ लिहिलेली चिठ्ठी द्या. एकाने चारा घातला की दुसऱ्याला विचारा, तुझ्या बैलाची भूक किती? चिठ्ठ्या दोन, बैल एकच. पाळण्यातलं नाव एक आणि हाक मारायचं नाव दुसरं असलं तरी माणूस तोच. पुढे पायथनमध्ये एक नाव दुसऱ्या नावाला दिलं की नवी वस्तू तयार होत नाही, यावर बारावी झालेली मुलंही आपटतात. ते आत्ता फुकटात पदरी पडतं.

मराठीने या कामी मोठी सोय केलेली आहे, ती वापरा. नियम लिहिताना ‘राजाची भूक कमी कर’ असं लिहू नका, ‘आपली भूक कमी कर’ असं लिहा. फळ्यावरचं ते एकच वाक्य राजा वाचेल तेव्हा राजाची भूक, सर्जा वाचेल तेव्हा सर्जाची. पायथनमधल्या ‘सेल्फ’चं काम नेमकं हेच आहे. तो पुढे शिकवताना ‘सेल्फ म्हणजे आपलं’ एवढं पुरतं, पण नियम पहिल्यापासून ‘आपली’ घालून लिहायची सवय हवी.

शब्दांबद्दल आणखी थोडं. क्लासला पुस्तकात ‘वर्ग’ म्हणतात. मुलाच्या डोक्यात वर्ग म्हणजे शाळेची खोली, नाही तर गणितातला वर्ग. ‘जात’ हा शब्द तर अजिबात नको, गावात त्या शब्दाचं ओझं वेगळं आहे. ‘नमुना’ म्हणा. ऑब्जेक्टला ‘वस्तू’ म्हटलं की मुलांना निर्जीव काहीतरी वाटतं, आणि आपल्याला तर सांगितलेलं ऐकणारं, उत्तर देणारं काही हवंय. म्हणून ‘पात्र’ बरा. विटेच्या साच्याचं उदाहरण सगळे देतात, पण वीट सांगितलेलं ऐकत नाही आणि पाडल्यावर तिच्यात काही बदलत नाही. त्या उदाहरणातून मुलाला क्लास अर्धाच कळतो.

तिसऱ्या आठवड्यात स्क्रॅच घ्या. डेस्कटॉपवर चालणारं ऑफलाईन स्क्रॅच विंडोज १० किंवा पुढच्या विंडोजवर चालतं. ते एकदा उतरवून पेन ड्राईव्हवर ठेवलं की नेटची गरज नाही. ठोकळ्यांवरचे शब्द इंग्रजीत ठेवलेत तरी व्हेरिएबल (आकडा ठेवायची जागा) आणि निरोप यांना देवनागरीत नावं देता येतात, ती द्याच. कार्यक्रम एकच पण सगळं शिकवणारा: वावरात चरणाऱ्या बकऱ्या. बकरीचं चित्र मुलांना काढू द्या.

आधी एकच बकरी. ती इकडेतिकडे फिरते, दर सेकंदाला भूक १ ने वाढते, धुऱ्यावरच्या हिरव्या रंगाला टेकली की भूक ० होते, १० झाली की ती आडवी पडते. भूक हे व्हेरिएबल बनवताना स्क्रॅच दोन पर्याय विचारतं: ‘फॉर ऑल स्प्राइट्स’ (सगळ्या पात्रांसाठी) आणि ‘फॉर धिस स्प्राइट ओन्ली’ (याच पात्रासाठी). पहिला आधीपासून निवडलेला असतो, म्हणून प्रत्येक मूल तोच ठेवतं. ठेवू द्या. मग बकरीवर राइट क्लिक करून ‘डुप्लिकेट’ने दुसरी बकरी करायला सांगा आणि चालवा. एक बकरी धुऱ्याला पोचली की दुसरी जागच्या जागी तृप्त होते. कोणी चरलं नाही तर भूक दुप्पट वेगाने वाढते, कारण दोघीही एकाच आकड्यात भर घालतात. पोरं ओरडतात, ‘सर, चरली एक अन् पोट भरलं दोघींचं!’ हे वाक्य वहीत लिहून घ्या. पुढे कुठलीही भाषा शिकवताना ते कामी येतं.

दुरुस्ती करताना एक अडचण येते. एकदा ‘सगळ्यांसाठी’ म्हणून बनवलेलं व्हेरिएबल नंतर ‘याच पात्रासाठी’ करता येत नाही. ते काढून टाकावं लागतं आणि नवं करून सगळ्या ठोकळ्यांत पुन्हा निवडावं लागतं. हा त्रास मुलांना होऊ द्या. दुसऱ्या वेळी व्हेरिएबल बनवताना ती आपोआप थांबून विचारतात, हे कोणाचं?

आता डुप्लिकेट करून पाच बकऱ्या करा आणि मग नियम बदला: भूक १ ऐवजी २ ने वाढू दे. पाच ठिकाणी जाऊन बदलावं लागतं आणि एखादी बकरी राहूनच जाते. ती एकटी सुखात फिरताना दिसली की मुलं शोधायला लागतात. डुप्लिकेट नियमांचीही नक्कल करतो. क्लोन, म्हणजे प्रोग्राम चालू असताना ठोकळ्याने काढलेली पात्राची प्रत, मात्र नियम एकच ठेवतो आणि आकडे ज्याचे त्याला देतो. म्हणजे कार्डांच्या खेळातला फळा स्क्रॅचमध्ये सापडला. या दोहोंतल्या फरकावर एक अख्खी संध्याकाळ द्या, दोन लागल्या तरी चालतील. माझ्या मते पूर्ण वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा धडा हाच आहे.

क्लोन वापरताना चुका ठरलेल्या असतात, तुमच्या हाताशी त्यांची कारणं असू द्या.

क्लोन तयार होतो त्या क्षणी मूळ बकरीचे जे आकडे असतील ते तो घेऊन जन्मतो. मूळ बकरीची भूक तेव्हा ७ असेल तर नवी बकरीही ७ ने सुरू होते आणि लगेच आडवी पडते. म्हणून ‘व्हेन आय स्टार्ट अ‍ॅज अ क्लोन’च्या खाली पहिलंच काम भूक ० करण्याचं. पुढे क्लासमध्ये नवं पात्र जन्मताना पहिल्यांदा चालणारं काम, म्हणजे कन्स्ट्रक्टर, तो हाच.

मूळ बकरी नमुना आहे, ती वावरात दिसायला नको, म्हणून हिरवा झेंडा दाबताच तिला ‘हाइड’ करा आणि क्लोन सुरू होताना ‘शो’. पण लपली तरी ती निरोप ऐकतेच. ‘ब्रॉडकास्ट’ केलेला निरोप सगळ्या क्लोनना आणि मुळालाही जातो. त्यामुळे बकऱ्या मोजल्या तर एक जास्त भरते आणि मुलांना कारण सापडत नाही. उपाय सोपा आहे. ‘क्रमांक’ नावाचं याच पात्रापुरतं व्हेरिएबल करा, मुळाचा क्रमांक ०. लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या ठोकळ्यात, प्रत्येक क्लोन बनवण्याआधी क्रमांक १ ने वाढवा, म्हणजे क्लोन तो घेऊन जन्मतो, आणि लूप संपल्यावर मुळाचा पुन्हा ० करा. मग निरोप आल्यावर प्रत्येकाने आधी पाहायचं, माझा क्रमांक ० तर नाही ना? एकाच बकरीला हाक मारायची असेल तेव्हाही हाच क्रमांक लागतो. कोणाला बोलावलंय ते एका सगळ्यांच्या व्हेरिएबलमध्ये लिहायचं, मग निरोप सोडायचा, ज्याचा क्रमांक जुळेल त्यानेच वागायचं.

तिसरी चूक पाहण्यासारखी असते. ‘पिल्लू’ असा निरोप आला की ‘क्रिएट क्लोन ऑफ मायसेल्फ’, असं एखादं मूल लिहितं. निरोप सगळ्यांना जातो, म्हणून दर वेळी बकऱ्या दुप्पट होतात: २, ४, ८, १६. स्क्रॅचमध्ये एकावेळी ३०० च क्लोन राहू शकतात. नवव्या निरोपाला ती मर्यादा गाठली जाते आणि पुढे नवी बकरी जन्मत नाही. चूक झाल्याचा कुठलाही संदेश येत नाही, लॅपटॉप तेवढा रडायला लागतो. कागदावर दुपटीचा तक्ता करून घेतला की कारण मुलंच सांगतात.

आणखी दोन बारीक गोष्टी. क्लोनच्या स्वतःच्या भुकेचा आकडा पडद्यावरच्या चौकटीत दिसत नाही, तिथे मुळाचाच दिसतो. म्हणून प्रत्येक बकरीला ‘से’ ठोकळ्याने आपली भूक बोलून दाखवायला लावा, नाही तर मुलं चुकीचा आकडा बघत बसतात. आणि ‘डिलीट धिस क्लोन’ मुळावर चालवला तर काहीच होत नाही.

मग गुराखी आणा, वेगळं पात्र म्हणून. त्याच्याकडून बकरीची भूक बदलायचा प्रयत्न करवून घ्या. ‘सेन्सिंग’मधल्या ठोकळ्याने गुराख्याला मूळ बकरीची भूक वाचता येते, पण लिहिता येत नाही. तसा ठोकळाच नाही. बकरीसाठी ‘माय ब्लॉक्स’मध्ये बनवलेलं ‘चर’ हे कामही गुराख्याला थेट चालवता येत नाही, निरोपच द्यावा लागतो. काही शिक्षकांना ही स्क्रॅचची उणीव वाटते. मला तर वाटतं, या वयासाठी याहून चांगली शिस्त नाही. दुसऱ्याच्या कार्डावर पेन्सिल टेकवायची नाही, हाच तो नियम.

तीन लॅपटॉप आणि १४ मुलं, हे कसं बसवायचं? एका लॅपटॉपवर तिघं: एक माऊसवर, एक पुढे काय करायचं ते सांगणारा, एक वहीत कोणत्या पात्राला काय माहीत आहे ते लिहिणारा. दर १५ मिनिटांनी जागा बदला. माऊसवाल्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, सांगणाऱ्याचं ऐकायचं, नाही तर दांडगा मुलगा माऊस सोडत नाही आणि मुली तीन महिने नुसत्या बघत राहतात. उरलेली पाच जणं त्या वेळी कार्डांवर पुढचं पात्र लिहितात, पुढच्या संध्याकाळी ती लॅपटॉपवर. लाईन कधीही जाते आणि जुनी बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही, म्हणून जागा बदलताना सेव्ह करणं हाच नियम ठेवा. प्रत्येक वेळी नव्या नावाने करा, बकऱ्या १, बकऱ्या २ असं. कालचं चालणारं आज बिघडलं तर मागे जाता येतं. घरी मोबाईल मिळणाऱ्या मुलांसाठी पॉकेट कोड हे मोफत अ‍ॅप आहे, ऑस्ट्रियातल्या ग्रात्स तंत्र विद्यापीठात घडलेलं. त्यातही ठोकळे जोडायचे असतात आणि व्हेरिएबल सगळ्यांसाठी की एकासाठी हे तिथेही विचारलं जातं.

आता नववीची मुलं. त्यांना टाईप करायची भाषा द्यायची तर सुरुवात पायथनबरोबरच येणाऱ्या टर्टलने, म्हणजे पडद्यावर रेघ ओढत चालणाऱ्या कासवाने करा, वेगळं काही उतरवावं लागत नाही. क्लास लिहायच्या आधी क्लास वापरू द्या: दोन कासवं बनवा, एकाचा पेन लाल, दुसऱ्याचा निळा, दोघांना वेगवेगळं चालवा. मग एका कासवाला दुसरं नाव देऊन त्या नावाने चालवा. राजाच्या दोन चिठ्ठ्या त्यांना लगेच आठवतात. एक खड्डा टाळा: फाईलला टर्टल हेच नाव देऊन सेव्ह केली तर पायथन खऱ्या टर्टलऐवजी तुमचीच फाईल उघडतं आणि अर्थ न लागणारी चूक दाखवतं.

पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. ‘वजन’, ‘भाव’, ‘ओलावा’ अशी लिहा. वापरणाऱ्याने ‘१२’ असं मराठी आकड्यांत टाईप केलं तरी त्याची संख्या करता येते, मात्र प्रोग्रामच्या मजकुरात आकडे इंग्रजी हवेत. आणि काही कीबोर्ड जोडाक्षरात न दिसणारं एक चिन्ह घालतात, ‘शेतकऱ्या’सारख्या शब्दात विशेष. ते आलं की पायथन अडतं आणि डोळ्यांना काहीच चूक दिसत नाही. म्हणून नावं साधी ठेवा, जोडाक्षरं टाळा.

क्लासची गरज पटवायला कापसाची काटापट्टी हे मला सर्वांत चांगलं उदाहरण वाटतं, कारण घरात पैसे किती आले हे मुलाला नीट माहीत असतं. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, त्यावर दर टक्क्याला भावात १ टक्का कपात आणि १२ टक्क्यांच्या वर खरेदी नाही. हिशेबाला भाव ७,५०० रुपये क्विंटल धरा. पहिल्याचा कापूस १२.४० क्विंटल, ओलावा १० टक्के: भाव ७,३५०, रक्कम ९१,१४० रुपये. दुसऱ्याचा ९.८० क्विंटल, ओलावा ८ टक्के: ७३,५०० रुपये.

हे आधी क्लासशिवाय करू द्या, तीन वेगळ्या याद्यांत: नावं, वजनं, ओलावे. व्यवस्थित चालतं. मग सांगा, पहिला शेतकरी परत गेला, त्याला काढा. बहुतेक मुलं नावांच्या यादीतून काढतात आणि बाकीच्या दोन याद्या विसरतात. प्रोग्राम चूक झाल्याचा संदेश देत नाही, दुसऱ्याच्या नावापुढे ९१,१४० छापून मोकळा होतो. १७,६४० रुपये जास्त. एखाद्याच्या घरचे पैसे दुसऱ्याच्या नावावर गेले, हे पाहिल्यावर नाव, वजन आणि ओलावा एकत्र बांधून ठेवायला हवेत हे सांगावं लागत नाही. त्या गाठोड्यात ‘आपली रक्कम काढ’ हे कामही घालायचं, हीच पुढची पायरी. क्लास हा शब्द आत्ता उच्चारा, त्याआधी नको.

इथे जुनी चूक नव्या रूपात परत येते. प्रत्येक शेतकऱ्याच्या पावत्यांची यादी मुलं क्लासच्या अंगातच थेट लिहितात, कन्स्ट्रक्टरमध्ये ‘सेल्फ’ लावून लिहीत नाहीत. मग सगळ्यांच्या पावत्या एकाच यादीत जमा होतात. ‘चरली एक अन् पोट भरलं दोघींचं’ हे वहीतलं वाक्य काढून दाखवा.

इनहेरिटन्सची, म्हणजे एका नमुन्यावरून दुसरा नमुना काढण्याची, घाई नको. ढोर, त्याखाली गाय, बैल, म्हैस असा वंशवृक्ष सगळीकडे शिकवतात. त्यातून मुलांचा समज होतो की ऑब्जेक्ट म्हणजे वर्गीकरण, आणि मग ती जिथे तिथे झाड काढत सुटतात. आधी ‘कोणाजवळ काय आहे’ हे पक्कं होऊ द्या: बंडीला दोन बैल आहेत, बंडीवर कापसाचे गठ्ठे आहेत, बंडीला ‘चल’ म्हटलं की ती बैलांना ‘ओढ’ म्हणते. रोजच्या प्रोग्रामात हेच जास्त लागतं. स्क्रॅचमध्ये इनहेरिटन्स नाही, त्याने या वयात काही अडत नाही.

कोण पायथनला तयार आहे हे परीक्षेने ठरवू नका. डिसेंबरच्या शेवटी प्रत्येकाला कोरी कार्डं द्या आणि सांगा, आपल्या आठवडी बाजारातला भाजीचा एक ठेला लिहा. कोणकोणती पात्रं, प्रत्येकाला काय माहीत, प्रत्येकाला काय सांगता येतं. ज्याने ठेला, गल्ला आणि गिऱ्हाईक वेगळे केले आणि सुटे पैसे गल्ल्याच्या कार्डावर लिहिले, त्याच्या हाती जानेवारीत पायथन द्या. ज्याने ‘बाजार’ नावाचं एकच मोठं कार्ड करून सगळं त्यात घातलं, त्याच्याकडून बकऱ्यांचा प्रोग्राम आणखी एकदा करवून घ्या, या खेपेला वावरात कुत्रा सोडून.